शवप्रदर्शनाची बसयात्रा : एका अबोल यात्रेकरूचा अभिप्राय

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. त्यासाठी वसईहून निघालेल्या एका बसयात्रेत मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सामील झालो. गुरुवारी संध्याकाळी निघायचे, दोन दिवस गोव्यात काढायचे आणि रविवारच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधील उपासनेच्या, आत घरी परतायचे, असा बेत होता. आयोजकांचे नाव मी मुद्दाम देत नाही. पूर्वी दोनदा वेगवेगळ्या मंडळींबरोबर तमिळनाडूतील वेलंकनीच्या तीर्थस्थानी गेलो होतो, तेव्हाही आखणी थोडीफार अशीच होती. ज्यांना चाळीस माणसांच्या सहवासाने थकवा येतो, पण एकट्याने एवढ्या लांब जाण्याचेही जमत नाही, अशांच्या उपयोगासाठी हा अभिप्राय आहे.

व्यवस्थेविषयी बोलायचे तर तक्रारीला फारशी जागा नाही. बस वेळेवर आली, जेवण साधे आणि गरम होते, ज्येष्ठांना पायऱ्या चढवण्यासाठी दोन तरुण सतत हजर होते आणि पैशांचा हिशेब निघण्यापूर्वीच कागदावर दिलेला होता.

अडचण सुरू झाली ती बस महामार्गाला लागल्यावर. जपमाळ झाली, तोवर सर्व ठीक होते. सामूहिक प्रार्थनेत माझ्यासारख्याला उलट आधारच वाटतो, कारण तेथे शब्द ठरलेले असतात आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. त्यानंतर मात्र ध्वनिक्षेपक आसनाआसनांवरून फिरू लागला आणि प्रत्येकाने नाव, धर्मग्राम (आपले चर्च आणि त्याचा परिसर), व्यवसाय आणि संताकडे मागायचे मागणे सांगावे, अशी सूचना झाली. मागणे सांगायचे ते संताला. चाळीस जणांना आणि चालकाला ते कशासाठी सांगायचे, हे मला अजून कळलेले नाही. मी नाव सांगून ध्वनिक्षेपक पुढे दिला, तर मागच्या बाकावरून एका मावशींनी ‘अरे बाबा, लाजतोस काय?’ असे मायेने विचारले आणि पुढचे दोन दिवस माझी ओळख ‘लाजणारा’ अशीच राहिली. त्याच मावशींनी मध्यरात्री घरचे लाडू आणून माझ्या हातावर ठेवले, हेही नोंदवले पाहिजे.

मुक्कामाच्या खोलीत चौघे होतो. स्वतंत्र खोली जादा पैसे भरून मिळेल का, असे मी नोंदणीच्या वेळी विचारले होते. त्यावर ‘यात्रेला आलात, एकटे राहून काय करणार?’ असे उत्तर मिळाले. कार्यक्रमपत्रिकेवर शुक्रवारी दुपारी ‘एक तास मोकळा’ असे छापलेले होते. त्या तासात समूहाचे छायाचित्र झाले आणि उरलेला वेळ फेरीतल्या, म्हणजे जत्रेतल्या, दुकानांत मेणबत्त्या आणि खाजे घेण्यात गेला, तोही सर्वांनी मिळून, कारण कोणी मागे राहू नये म्हणून आयोजकांची शिट्टी दर काही मिनिटांनी वाजत होती. संत झेवियर स्वतः गोव्याच्या रस्त्यांतून हातातली घंटा वाजवत मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत असत, तेव्हा शिट्टीची तक्रार त्यांच्याकडे नेण्यात अर्थ नव्हता.

प्रत्यक्ष दर्शनाचा अनुभव माझ्या अपेक्षेच्या अगदी उलट निघाला. अवशेष एरवी बॉम जेझू बासिलिकेत असतात. शवप्रदर्शनाच्या काळात ते समोरच्या सें कथीड्रलमध्ये ठेवले होते. मंडपातील रांग मोठी होती, आम्हाला सुमारे तीन तास लागले, आणि गर्दीच्या धास्तीने मी या भागालाच सर्वांत जास्त घाबरलो होतो. पण रांगेत मी हळूहळू चार-पाच जणांना पुढे जाऊ दिले, आमच्या टोप्यांचा पिवळा रंग पुढे निघून गेला, आणि माझ्या आजूबाजूला कोकणी, तमिळ, मल्याळम बोलणारी अनोळखी माणसे आली. कोणालाही माझे नाव नको होते. यात्रेतील पहिला एकांत मला त्या हजारोंच्या गर्दीत मिळाला. १७७६ मध्ये कोसळलेल्या मनोऱ्यामुळे एका बाजूने उघडा वाटणारा कथीड्रलचा दर्शनी भाग मी तेथे उभा राहून निवांत पाहिला. काचेच्या पेटीसमोर थांबायला जेमतेम काही क्षण मिळतात. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर मरण पावलेल्या आणि १५५४ मध्ये गोव्यात आणलेल्या त्या देहासमोर मला मागायचे होते ते तेवढ्यात मागून झाले, बहुधा तीन तास मनात घोळवल्यामुळे.

दुसरी गोष्ट आयोजकांनी अवश्य लक्षात घ्यावी. सर्वांचा ओढा कथीड्रलकडे असल्यामुळे शनिवारी सकाळी बासिलिका आम्हाला तुलनेने रिकामी मिळाली. फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडवलेली आणि १६९८ मध्ये येथे उभारलेली संताची समाधी, तिच्यावरील संताच्या जीवनातील प्रसंगांची कांस्यचित्रे, हे सारे शांतपणे पाहण्यासारखे आहे. आमच्या पत्रिकेत त्यासाठी वीस मिनिटे होती आणि त्यांतील दहा ध्वनिक्षेपकावरील माहितीत गेली. माहिती अचूक होती, सांगणाऱ्यांची तयारीही चांगली होती; ती आदल्या रात्री बसमध्ये सांगितली असती, तर ओळखपरेडही टळली असती.

मग मी नियम मोडला. यात्रेबरोबर आलेल्या फादरांना सांगून, आयोजकांना न सांगता, टेकडीवरील अवर लेडी ऑफ द माउंट चॅपेलकडे एकटाच चढून गेलो. वरून मांडवी, पलीकडचे दिवार बेट आणि झाडीतून वर आलेले चर्चचे मनोरे दिसतात. तेथे अर्धा तास बसलो आणि जपमाळेची पाच दशके, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, मनातल्या मनात पूर्ण केली. खाली आलो तेव्हा बस माझ्यासाठी दहा मिनिटे थांबलेली होती. त्याबद्दल मी सर्वांची क्षमा मागितली आणि ती माझी चूकच होती. फादर फक्त एवढेच म्हणाले, ‘वर वारा होता का?’

व्यवस्थेसाठी पाचपैकी चार तारे, आखणीसाठी दोन. दहा वर्षांची प्रथा पाहता पुढील शवप्रदर्शन २०३४ च्या अखेरीस अपेक्षित आहे. तेव्हाही मी बहुधा याच मंडळींकडे नाव नोंदवीन. मात्र खिडकीची जागा, जादा पैसे भरून स्वतंत्र खोली आणि बासिलिकेत ध्वनिक्षेपकाशिवाय एक तास, या तीन गोष्टी आधी लेखी मागून घेईन. मावशी येणार असतील, तर लाडवांची मागणी तोंडी चालेल.