रिटायरमेंट प्लॅन घेतला, 65 व्या वर्षी दवाखाना स्वस्त होणार म्हणे

संभाजीनगरला जालना रोडवरच्या एका ऑफिसातून पैसे भरून रिटायरमेंट प्लॅन करून घेतला, त्याचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, उगं वाद नको. फी 9 हजार अन् वर जीएसटी, म्हणजे 10,620 रुपये. माझं वय 54, वाळूजला कंपनीत आहे, 58 ला घरी बसणार. पुतण्या न्यू जर्सीला असतो, तो दोन वर्षांपासून मागं लागलेला की काका प्लॅनिंग करा, वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमवा, मग टेन्शन नाही. म्हणून शेवटी गेलो.

आधी चांगलं सांगतो. ऑफिस स्वच्छ, चहा बरा, सेबीचं रजिस्ट्रेशन भिंतीवर लावलेलं आणि नंबर सेबीच्या साईटवर टाकून बघितला तर खरा निघाला. एक मॅडम तीन तास समोर बसून सगळे कागद काढायला लावत होत्या. तेव्हा कळलं की पीएफला नॉमिनी म्हणून अजून वडलांचंच नाव आहे, आणि वडील जाऊन सहा वर्षं झाली. बायको शेजारीच बसलेली, ती काही बोलली नाही पण घरी येईपर्यंत गाडीत शांतता होती. रात्रीच ई-नॉमिनेशन भरलं. तेवढ्यासाठी फीचे निम्मे पैसे वसूल धरतो.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला, चाळीस-एक पानं, रंगीत, ग्राफच ग्राफ. हिशोब असा की महिन्याचा खर्च 45 हजार, वर्षाचे 5 लाख 40 हजार, गुणिले 25, म्हणजे 1 कोटी 35 लाख, आणि त्यात चार वर्षांची महागाई धरून 1 कोटी 52 लाख. पहिल्या वर्षी त्यातले 4 टक्के काढायचे, पुढं दरवर्षी महागाईप्रमाणं वाढवत जायचे, तीस वर्षं पुरतात. मॅडमला वाटायचं की दरवर्षी जे उरलं त्याचे 4 टक्के, ते पुतण्यानं फोनवर दुरुस्त केलं. म्हणजे नियम विकणाऱ्यालाच नियम पूर्ण माहीत नव्हता, असो.

मग तो नियम कुठून आला ते शोधलं. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं 1994 ला हा हिशोब मांडला, 1926 पासूनचे तिथलेच शेअर, तिथलेच सरकारी रोखे आणि तिथलीच महागाई धरून. माणूस हुशारच, पण त्यानं वाळूजच्या माणसाचा हिशोब केलेला नव्हता ना. आणि तिथं या 4 टक्क्यांच्या खाली आणखी एक सतरंजी असते, सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिकडची सरकारी पेन्शन, जी महागाईप्रमाणं वाढते. आमच्या खाली काय, तर ईपीएस, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन. माझं बसतं पाच-साडेपाच हजाराच्या आसपास, आणि जे पहिल्या महिन्याला तेच शेवटच्या महिन्याला, महागाई भत्ता वगैरे काही नाही.

महागाई रिपोर्टमध्ये 3 टक्के धरलेली. अहो, आपल्या रिझर्व्ह बँकेचं टार्गेटच 4 टक्के आहे, अमेरिकेचं 2. मी घरी बसून 6 नं करून बघितलं, तर आजचे 45 हजार वीस वर्षांनी 1 लाख 44 हजार होतात, त्यांच्या 3 नं फक्त 81 हजार. हा फरक चुकून पडला तर पंच्याहत्तरीत कोणाच्या दारात जायचं?

पण खरी गंमत पान 17 वर. दवाखान्याच्या खर्चाची लाल रेघ वर वर जाते आणि बरोबर 65 व्या वर्षी धाडकन खाली येते. मी विचारलं, मॅडम, 65 ला मला काय अमृत मिळणार आहे का? त्या म्हणल्या सर, सॉफ्टवेअर तसंच दाखवतं, इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे. रात्री पुतण्याला फोटो पाठवला, तो हसायलाच लागला. काका, 65 ला इथं मेडिकेअर सुरू होतं, म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा! आपल्याकडं उलटं, रिटायर झालं की कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बंद आणि त्या वयात नवीन पॉलिसीचा हप्ता वाढतच जातो. सत्तरी झाली की आयुष्मानचं 5 लाखाचं कार्ड मिळतं, ते रिपोर्टमध्ये कुठंच नाही. सिनियर सिटिझन स्कीम पण नाही. 30 लाख ठेवले तर 8.2 टक्क्यानं तीन महिन्याला 61,500 येतात, 58 ला रिटायर होणाऱ्याला पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं, पोस्टातला शिपाई पण सांगेल. हां, तेही वाढत नाहीत, म्हणून सगळं तिथंच ठेवून चालत नाही, हे मला कळतं.

खर्चाचे रकाने तर बघाच. 'गिफ्ट' महिना 500. आमच्याकडं आहेराची वही आहे, मागच्या लग्नसराईचीच पानं भरलेली, एकेका लग्नात साडी, मानपान, गाडीभाडं, ते कुठं टाकायचं? उन्हाळ्यात टँकर, त्याला रकानाच नाही. लातूरला 2016 मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पाणी म्हणजे नळपट्टी. गावाकडं तीन एकर सोयाबीन बटईनं दिलेलं, ते 'रेंटल इन्कम'मध्ये टाकून त्यावर टॅक्स पण लावला, शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नसतो हे सांगायला मी 10,620 दिले का? तीस वर्षंही माझ्या वयावरून मोजली. बायको माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे, आणि आई 84 ची असून अजून स्वतः भाकरी थापते, म्हणजे पैसा चाळीस वर्षं पुरवायचा.

परदेशी सल्ला इकडं चालतो का म्हणाल तर मला आता वाटतं की तो एका घरात सुद्धा सगळ्यांना चालत नाही. माझा मेव्हणा झेडपीत मास्तर, 1998 ला लागला, त्याला जुनी पेन्शन, शेवटच्या पगाराच्या निम्मी अन् वर डीए. त्यानं पंचवीस पट जमवायची काय गरज. त्याचाच भाऊ 2007 ला लागला, 1 नोव्हेंबर 2005 नंतरचा, म्हणून त्याची डीसीपीएस अन् मग एनपीएस, म्हणजे पगारातून कापून जमेल तेवढ्यावरची पेन्शन. एका पंगतीत बसतात, रिटायरमेंट मात्र दोन देशांची. आणि पुतण्याचं ऐका, त्याची तिकडं सात वर्षं झालीत, सोशल सिक्युरिटीला 40 क्रेडिट म्हणजे दहा वर्षांचं काम लागतं, भारत-अमेरिकेत त्याबद्दल करार नाही, त्यामुळं आधीच परत आला तर पगारातून कापलेल्याची तिकडची पेन्शन नाही. मला शिकवणाऱ्याचंच हे असं.

खर्च लिहून काढा, नॉमिनी बघा, सगळा पैसा एका जागी ठेवू नका, एवढं मात्र कुठल्याही देशातलं असलं तरी घ्यावं. बाकी आकडे इथले भरून घ्या, नाही तर जाऊ नका. पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन त्या नॉमिनीचे.

दुरुस्त रिपोर्ट देतो म्हणले होते. तीन आठवडे झाले. काल फोन केला तर मॅडम म्हणल्या, सर, महागाई 6 केली, शेतीचा टॅक्स काढला, टँकर 'इतर'मध्ये टाकला, पण ती 65 ची रेघ काही हलत नाही.