झॅकमन की टोगाफ? गोव्यातल्या मध्यम उद्योगासाठी

हिशेब टॅलीत, बुकिंग वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये, पगारपत्रक एक्सेलमध्ये आणि टेबलावर नव्या ईआरपीचं (सगळे विभाग जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं) कोटेशन. इथवर आलं की कोणीतरी 'एंटरप्राइझ आर्किटेक्चर', म्हणजे धंदा, माहिती आणि संगणक यंत्रणा यांचा एकत्र आराखडा, करून घ्या म्हणतं आणि झॅकमन व टोगाफ ही दोन नावं पुढे करतं. ती एकाच तराजूत तोलू नका. झॅकमन सांगतो काय माहीत असायला हवं. टोगाफ सांगतो कोणत्या क्रमाने कामाला लागायचं.

झॅकमन हा मुळात तक्ता आहे. आयबीएममध्ये असताना जॉन झॅकमन यांनी तो १९८७ साली मांडला. काय, कसं, कुठे, कोण, केव्हा, का हे सहा रकाने, आणि नियोजकाच्या नजरेपासून चालत्या यंत्रणेपर्यंत सहा ओळी. सुरुवातीच्या मांडणीत पहिल्या तीन रकान्यांचाच तपशील होता. 'का'सह उरलेल्या तिघांचा १९९२ साली आला. (आपल्या ऑफिसांतही 'का' शेवटीच विचारला जातो.)

टोगाफ 'द ओपन ग्रुप' या तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा, १९९५ पासूनचा. दहावी आवृत्ती २०२२ ची. त्याचा गाभा म्हणजे एडीएम (आर्किटेक्चर डेव्हलपमेंट मेथड) हे चक्र: पूर्वतयारी आणि पुढे ए ते एच असे आठ टप्पे. त्यात व्यवसायाचा आराखडा बी टप्प्यात येतो, तंत्रज्ञानाचा डी टप्प्यात. सर्व्हर कोणता घ्यायचा हा प्रश्न धंदा कुठे चाललाय हे ठरल्यावरच येतो. माझ्या मते टोगाफची निम्मी किंमत या क्रमातच आहे.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात मात्र मी झॅकमनपासून सुरुवात करीन. अमेरिकेला माल पाठवायचा तर तिथल्या एफडीए या औषध नियंत्रकाचा तपासनीस विचारणार: ही नोंद कुठे राहते, कोणी बदलली, केव्हा बदलली, का बदलली? रकाने जवळपास तेच आहेत. छत्तीसच्या छत्तीस चौकटी भरायचा हट्ट नको. नोंदींशी संबंधित तेवढ्या भरल्या तरी तपासणीची निम्मी तयारी होते.

हॉटेलवाल्यांचं दुखणं वेगळं. परदेशी पाहुण्याचं नाव बुकिंगमध्ये, फ्रंट ऑफिसमध्ये, सरकारकडे चोवीस तासांत भरायच्या फॉर्ममध्ये आणि पुन्हा रेस्टॉरंटच्या बिलावर, प्रत्येक ठिकाणी नव्याने टाइप होतं. कुठे काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आधी काय जोडायचं आणि पैसा कशात घालायचा, हे ठरत नाही. इथे टोगाफ, पण कापून: ए (उद्दिष्ट आणि व्याप्ती) आणि बी टप्पे नीट, सी (माहिती आणि सॉफ्टवेअर) आणि डी जेमतेम, ई (पर्याय निवडणं) आणि एफ पुन्हा नीट. एफ म्हणजे जुन्यावरून नव्यावर जाण्याचा आराखडा, आणि गोव्यात त्याच्या तारखा सीझन ठरवतो. सिस्टम पावसाळ्यात बदला, चवथीचे दिवस सोडून, कारण तेव्हा माणूस मिळत नाही. डिसेंबरात बदलू म्हणणाऱ्या व्हेंडरला दारातूनच परत पाठवा.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक-बार्जच्या देखभालीचं उत्तम सॉफ्टवेअर असलेल्या कंपनीपुढे तेव्हा प्रश्न धंद्याचाच होता. भरलेला झॅकमन तक्ता अशा वेळी अचूक असून निरुपयोगी ठरतो, कारण तो एका क्षणाचा असतो. टोगाफच्या एच टप्प्याचं कामच बाहेरचा बदल हेरणं आणि गरज पडल्यास चक्र पुन्हा सुरू करणं. बदलत्या धंद्यात टोगाफचं पारडं जड होतं ते इथे.

टोगाफचा धोका कागदांचा. आयटीत तीनच माणसं असतील तर सगळे दस्तऐवज बनवण्यात वर्ष जाईल आणि प्रिंटर तसाच अडकलेला राहील. स्वतःच्या कंपनीत वापरायला टोगाफ फुकट आहे. खर्च होतो तो प्रमाणपत्रांवर आणि सल्लागारावर. एका माणसाला शिकवा, बाकीच्यांना नको. सल्लागार आणलाच तर पहिला हप्ता बी टप्पा मालकाने वाचून सही केल्यावरच द्या.