लाकडात मोठं भोक पाडायचंय: फोर्स्टनर, फ्लॅट, ऑगर की होल सॉ?

बिट, म्हणजे ड्रिल मशीनला लावायचं भोक पाडणारं पातं, घ्यायला कुडाळ-सावंतवाडीच्या बाजारात जाण्याआधी दोन गोष्टी नक्की करा. भोक आरपार हवं की मध्येच थांबायचं? आणि खोली किती?

कपाटाच्या दाराला आतून लागणारी बिजागरी घ्या. तिच्या वाटीला 35 मिमी व्यासाचं, सुमारे 12-13 मिमी खोल भोक लागतं आणि दार असतं 18 मिमीचं. इथे फोर्स्टनरच घ्यावा. त्याचं मधलं टोक आखूड असतं, गोल कड भोकाची भिंत स्वच्छ कापते, तळ सपाट निघतो. बेंजामिन फोर्स्टनर यांनी 1874 मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि बारीक कामात आजही मला त्याच्यावरच भरवसा आहे. मी एकदा हेच काम फ्लॅट, म्हणजे चपट्या पात्याच्या बिटने केलं. त्याचं लांब टोक फणसाच्या दारातून आरपार गेलं, तेही पॉलिश केलेल्या बाजूने. बुजवलेला डाग अजून दिसतो.

फोर्स्टनरला घाई चालत नाही. 35 मिमीला मशीनचा वेग मिनिटाला 500 फेऱ्यांच्या आसपास ठेवा, दर काही मिलिमीटरला बिट वर घेऊन भुसा काढा. धूर दिसला की थांबा. तापून धार मऊ पडली तर बिट वाया जातं. दार शिकंज्यात घट्ट धरलेलं हवंच.

फ्लॅट बिट स्वस्त आणि झपाट्याने कापणारं. वायर किंवा पाइपसाठी आरपार भोक, जिथे कड कुणी बघणार नाही, तिथे उत्तम. पलीकडे टोक दिसताच थांबून उलट बाजूने पाडा, नाहीतर मागची फळी फाटते. घरच्या घरी कानशीने धार लावता येते, हा त्याचा मोठा गुण.

जाड वाशात किंवा तुळईत बोल्टसाठी खोल भोक हवं असेल तर ऑगर. आपल्या जुन्या गिरमिटाचाच तो भाऊ: टोकाचा स्क्रू बिटला स्वतःच लाकडात ओढत नेतो, पिळातून ढलप्या बाहेर पडतात. ओढ जबर असते. मशीन कमी वेगाच्या गिअरवर टाका, बाजूची मूठ लावा, नाहीतर मनगट पिरगाळतं. जुन्या घरातलं लाकूड असेल तर आधी चुंबक फिरवून खिळे शोधा. एक खिळा लागला की स्क्रूचं टोक गेलं.

50-60 मिमीच्या पुढे होल सॉ, म्हणजे दातेरी कडेची गोल वाटी आणि तिच्या मधोमध बारीक ड्रिल. तो नुसती कडा कापतो म्हणून साध्या मशीनलाही झेपतो, पण खोली बेताची आणि आतली चकती अडकून बसते. अर्ध्यावर थांबून मधल्या भोकाच्या खुणेवरून दुसऱ्या बाजूने कापा.

आपल्याकडची एक खास अडचण: पावसाळ्यात ओल्या लाकडात पाडलेलं भोक उन्हाळ्यापर्यंत किंचित लांबट होतं, कारण लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त आकसतं. खुंटी बसवायची असेल तर सुकलेलंच लाकूड घ्या.

सुरुवातीला पूर्ण सेट घेऊ नका. चांगला 35 मिमी फोर्स्टनर आणि 25 मिमीचं एक फ्लॅट बिट पुरे. काम झालं की मशीन ऑइलचा हात फिरवून बंद डब्यात ठेवा. खाऱ्या वाऱ्यात उघडी धार लवकर गंजते.