सोल्विन्सचे कलकत्ता: कोणती आवृत्ती हाताशी धरावी?

अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यातील पालखीचे भोई, हुक्काबरदार, परीट आणि नावाडी कसे दिसत, कसे वागत, हे ज्याला चित्रांतून अभ्यासायचे आहे, त्याला फ्रान्स बाल्थाझार सोल्विन्स या बेल्जियममधील अँटवर्प शहराच्या चित्रकाराकडे वळावेच लागते. १७९१ मध्ये तो कलकत्त्यात आला. त्याने आपली चित्रमालिका दोनदा प्रसिद्ध केली, आणि या दोहोंच्या मधल्या काळात लंडनमध्ये तिची एक अनधिकृत आवृत्तीही निघाली.

१७९९ च्या कलकत्ता आवृत्तीत २५० रंगीत एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रे, आहेत. पहिल्या भागातील ६६ चित्रे जाती आणि त्यांच्या व्यवसायांची आहेत. पुढे घरगुती नोकर, पोशाख, गाड्या, पालख्या व होड्या, धूम्रपानाच्या तऱ्हा, फकीर, वाद्ये आणि सण येतात. रेषा खडबडीत आणि रंग मंद असल्यामुळे, सफाईदार देखाव्यांची सवय असलेल्या गिऱ्हाइकांना हे काम रुचले नाही. मला मात्र ही आवृत्ती सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण चित्रकार त्या वेळी त्याच शहरात राहत होता. शिवाय पोटासाठी त्याने तेथे गाड्या आणि पालख्या रंगवल्या होत्या, आणि मूळचा तो सागरी दृश्यांचा चित्रकार होता. त्यामुळे वाहनांची आणि होड्यांची चित्रे पाहताना, ती घडवणाऱ्याला त्या वस्तूंची जवळून ओळख होती, हे लक्षात ठेवावे.

१८०८ ते १८१२ या काळात पॅरिसमध्ये निघालेल्या चार खंडांसाठी सोल्विन्सने सारे काम नव्याने कोरले. त्यात २८८ चित्रे असून आकार मोठा व कारागिरी अधिक नाजूक आहे, आणि सोबत फ्रेंच व इंग्रजी मजकूर आहे. कलकत्त्यात चित्रांची थोडक्यात ओळख देणारी केवळ एक सूची निघाली होती. त्यामुळे चित्रातील माणूस नेमके कोणते काम करतो, हे जाणून घ्यायचे असेल, तर पॅरिसची आवृत्ती अधिक उपयोगी पडते. मात्र हे विवेचन युरोपीय वाचकांसाठी, सोल्विन्सने कलकत्ता सोडल्यानंतर काही वर्षांनी छापले गेले, हे विसरून त्यातील प्रत्येक विधान पुरावा म्हणून उद्धृत करू नये.

लंडनच्या एडवर्ड ऑर्म या प्रकाशकाने १८०४-०५ मध्ये काढलेली ६० चित्रांची आवृत्ती दिसायला देखणी आहे आणि ती खपलीही चांगली. परंतु ती दुसऱ्यांनी केलेली नक्कल असल्यामुळे अभ्यासासाठी तिच्यावर विसंबू नये.

एकच आवृत्ती निवडायची असेल, तर वाहने, पोशाख आणि कामाची अवजारे पाहणाऱ्याने कलकत्त्याची घ्यावी, आणि सण-उत्सव व चालीरीतींवर लिहिणाऱ्याने पॅरिसची. वाद्यांच्या अभ्यासकाने मात्र दोन्हींतील तेच चित्र शेजारी ठेवून, वादकाचा हात आणि वाद्य धरण्याची पद्धत पुन्हा कोरताना बदलली आहे का, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.