घडीचा कीबोर्ड, ठाणे लोकल आणि माझ्या फॅनफिक : आठ महिन्यांचा वापर

१,८५० रुपये. लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यातून, २,४०० सांगितलेले घासाघीस करून खाली आणलेले. ब्लूटूथ कीबोर्ड, तीन भागांत मिटणारा, मिटला की चष्म्याच्या डबीपेक्षा थोडा मोठा. नाव देत नाही, कारण देण्यासारखं नाहीच: खोक्यावर एक होतं, कीबोर्डच्या पोटावर दुसरंच, आणि आता दोन्ही पुसली गेलीत. आठ महिने जवळपास रोज वापरलाय. मधे पूर्ण पावसाळा येऊन गेला, हे मुद्दाम सांगते.

मी कशासाठी वापरते ते कळल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. भांडुपला राहते, फोर्टात एका ऑफिसात हिशेब बघते आणि फॅनफिक लिहिते. म्हणजे दुसऱ्यांची पात्रं घेऊन आपल्या गोष्टी. टीव्हीवरची मालिका असो, महाभारत असो, जिथे गोष्ट सांगणाऱ्याने बाईला गप्प बसवून पुढे उडी मारली तिथे मी कागद घेऊन बसते. मालिकेतली सून 'घरासाठी' नोकरी सोडते, पार्श्वसंगीत वाजतं, सगळ्यांचे डोळे भरून येतात. माझी गोष्ट त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. ती साहेबांना फोन करून राजीनामा मागे घेते आणि पुढचे तीन हजार शब्द घरात सकाळचा चहा कोणी करायचा यावर चर्चा चालते. वाचणाऱ्या बायका सांगतात की त्यांना त्यातलं चहाचं प्रकरणच जास्त आवडतं.

आधी हे सगळं फोनवर अंगठ्यांनी लिहायचे. त्याचे दोन तोटे होते. अंगठे दुखायचे हा एक. दुसरा नंतर सांगते, पैसे खरे तर त्यासाठी वसूल झाले.

तर लोकल. सकाळची स्लो, ठाण्याहून सुटणारी, म्हणून भांडुपला कधी कधी बसायला मिळतं. नाहीतर लेडीज डब्यात चढल्या चढल्या "कुठे उतरणार?" विचारत घाटकोपर-कुर्ल्याला उतरणारी बाई गाठायची. सीएसएमटीपर्यंत पाऊण तासाच्या वर वेळ हातात असतो. फोर्थ सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथी टेकते तिथे, हा कीबोर्ड उघडू नका. उघडला की वीतभरापेक्षा जास्त पसरतो आणि कोपर शेजारणीच्या जेवणाच्या डब्यात जातं. खिडकीपाशी किंवा मधे बसलात तर चालतं, पण मांडीवर नुसता ठेवलात तर दोन्ही बिजागऱ्या खाली झुकतात आणि मधलाच भाग वर राहतो, होडीसारखा. मी लेकीचा परीक्षेचा पॅड खाली घेते. तोच, लाकडी, वर चिमटा असलेला. चिमट्याला फोन टेकवला की स्टँडचेही पैसे वाचतात. परीक्षा असते त्या आठवड्यात माझं लिखाण बंद, हे घरात सर्वमान्य आहे.

दहा मिनिटं कळ दाबली नाही की हा झोपतो. उठताना पहिली दोन-तीन अक्षरं गिळतो. दादरला डबा रिकामा होईपर्यंत पिशवी सांभाळत थांबायचं आणि मग लिहायला लागायचं, तर "द्रौपदी म्हणाली" च्या जागी "पदी म्हणाली". आता सवयीने आधी स्पेसबार दोनदा मारते.

मराठी टायपिंगबद्दल जरा जास्त लिहिते, कारण घेण्यापूर्वी मला याबद्दल कुठे काही वाचायला मिळालं नव्हतं. कळांवर फक्त इंग्रजी अक्षरं. मी देवनागरी स्टिकर आणून लावले, ते दोन महिन्यांत बोटांना चिकटून गेले. तोवर इनस्क्रिप्ट पाठ झालं होतं. इनस्क्रिप्ट म्हणजे १९९१ साली भारतीय मानकात आलेली सरकारी मांडणी: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. तीन आठवडे शिव्या दिल्या, मग हात आळीपाळीने चालायला लागले आणि इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायचा कंटाळा आला. 'दुसऱ्या', 'म्हाताऱ्या' मधला तो अर्धा ऱ सरळ शिफ्ट आणि जे दाबून येतो, डोक्यावर रफार चढून 'दुसर्या' होत नाही. ळ शिफ्ट आणि एनवर. संवाद लिहिणाऱ्या माणसाला ळ सतत लागतो, विशेषतः माझ्या सासूबाईंच्या धर्तीवर बेतलेली कुंती लिहायची असेल तर.

या मांडणीमुळे एक गंमत झाली. झीज दोन ठिकाणी झाली आणि दोन्हींची कारणं मराठी आहेत. ई या कळेवर काना आहे. ती सगळ्यात आधी गुळगुळीत झाली. आणि व्यंजनं उजवीकडे असल्यामुळे उजव्या बिजागरीवर जास्त ठोकाठोक होते. सहाव्या महिन्यापासून ती सैल आहे, डावी अजून नवीन असल्यासारखी. इंग्रजी लिहिणाऱ्याचा कीबोर्ड असा एका बाजूने म्हातारा होत नसेल.

बॅटरीला नाव ठेवायला जागा नाही, पंधरवड्यातून एकदा रविवारी चार्ज करते. पिन मात्र जुन्या पद्धतीची, फोनची वायर चालत नाही. पावसाळ्यात पर्समधल्या ओल्या छत्रीने एन्टर चिकटला. एकदा दाबला की तीन परिच्छेद पाडायचा. एक संपूर्ण प्रकरण नवकविता झालं. चार दिवस उघडा ठेवून वाळवला, सुटला. तेव्हापासून दुधाच्या जाड पिशवीत घालून नेते.

आता तो दुसरा तोटा.

फोनवर अंगठ्यांनी लिहिणारी बाई गप्पा मारत असते, असं जगाचं ठाम मत आहे. लोकलमध्ये शेजारीण स्क्रीनमध्ये मान घालते. घरी रात्री साडेनऊला मी फोन घेऊन बसले की नवरा म्हणायचा, "कोणाशी चाललंय एवढं?" सासूबाई म्हणायच्या, "मोकळी आहेस ना, तर शेंगा निवडून घे." मोकळी. मी अश्वत्थाम्याच्या कपाळावरच्या मण्याचं काय करायचं ते द्रौपदीला ठरवू देत होते, आणि मी मोकळी.

कीबोर्ड उघडला त्या रात्री कोणी काही बोललं नाही. खटखट आवाज येत होता, फोन पॅडवर उभा होता, मी चष्मा लावून बसले होते. नवऱ्याने टीव्हीचा आवाज स्वतःहून कमी केला. सासूबाई लेकीला म्हणाल्या, "आईचं काम चाललंय, तिकडे खेळ." मी काही खोटं बोलले नाही. मला कोणी विचारलंच नाही. शब्द तेच, पात्रं तीच, बाईही तीच. फक्त आता ते ऑफिससारखं दिसत होतं.

गाडीतही तसंच. पॅड मांडीवर घेतल्यापासून एक तरी "मॅडम, जरा सरकता का, काम चाललंय वाटतं" म्हणून बॅग उचलून घेणारी भेटते. लाज वाटते आणि मी ती सवलत घेतेही.

यात मला राग कशाचा येतो, तर फॅनफिकचा कधीच पगार होऊ शकत नाही याचा नाही. मालिकेतली पात्रं दुसऱ्याची असतात, विकता येत नाहीत, तो धंदा नाही हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. राग येतो तो पगार नाही म्हणजे वेळ फुकट या गणिताचा. तेच गणित लावलं तर घरातला स्वयंपाकही टाइमपास ठरेल, आणि ठरतोच म्हणा. नवऱ्याचा मित्र रविवारी सकाळी सात ते अकरा ओव्हल मैदानात क्रिकेट खेळतो. त्याला अजून कोणी शेंगा निवडायला बसवलेलं नाही.

आम्ही बायका हे फुकटचं लिखाण किती गांभीर्याने घेतो त्याचा एक नमुना सांगते. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाचं फॅनफिकचं भांडार आहे. २००७ मध्ये लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं की आपल्या गोष्टींवर जाहिरातींचा पैसा करायला कंपन्या सरसावल्यात आणि कोणाच्याही सर्व्हरवरून आपल्याला रातोरात हाकलता येतं. त्यांनी स्वतःची ना-नफा संस्था काढली, २००९ मध्ये भांडार खुलं केलं. जाहिरात नाही, खर्च देणग्यांवर, काम स्वयंसेवकांचं. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा-कल्पनाकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. नावामागे इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फचं 'स्वतःची खोली' हे पुस्तक आहे. तिने १९२९ मध्ये लिहिणाऱ्या बाईसाठी वर्षाला पाचशे पौंड आणि एक खोली मागितली होती. भांडुपच्या आमच्या घरात दोन खोल्यांत पाच माणसं आहेत, त्यामुळे मी खोलीचा विषय काढत नाही.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात. सीतेच्या वनवासाच्या ओव्यांत बायकांनी रामाला सीतेच्या तोलाचा नाही म्हणून सरळ सुनावलंय, तेही पहाटे, पीठ पाडता पाडता. दुसऱ्याचं पात्र, आपला शेवट. मी करते ते वेगळं काय आहे? त्यांचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांना मोकळी आहेस का असं कोणी विचारलं नाही एवढाच फरक.

आमच्यातही सगळं आलबेल नाही. लिहिणाऱ्या बायका, वाचणाऱ्या बायका, आणि तरी दोन देखण्या पुरुषांच्या प्रेमाच्या आड येते म्हणून गोष्टीतली बायको पहिल्याच पानात अपघातात मारायची, हे मी इतक्यांदा वाचलंय की आता मेलेल्या बायकोच्या बाजूने एक मालिकाच लिहायला घेतलीय. दुसरं ते 'मेरी स्यू' प्रकरण. १९७३ मध्ये पॉला स्मिथने 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेच्या चाहत्यांच्या एका अंकात, अति गुणी नायिकेची थट्टा म्हणून हे पात्र लिहिलं. थट्टा चांगली होती. पण पुढे कुठलीही बाई गोष्टीत दोन कामं नीट करायला लागली की तिला मेरी स्यू म्हणायची रीत पडली. आपल्या मालिकांतला नायक ऑपरेशन करतो, केस जिंकतो, गुंडांना मारतो आणि पुरणपोळीही लाटतो, त्याला कोणी नाव ठेवलंय का?

असो, कीबोर्डकडे येते. कारण पाचव्या महिन्यात त्या 'ऑफिसच्या कामा'चं बिंग फुटलं.

सासूबाई डाळ निवडत समोर बसल्या होत्या. मी लिहीत होते. त्या म्हणाल्या, "हे ऑफिसचं नाही."

मी म्हटलं, "का हो आई?"

"ऑफिसचं टाइप करताना माणूस मधेच थांबून हसत नाही. आणि अवतरण चिन्हं किती मारतेस. शिफ्टचा आवाज येतो."

मला माहीतच नव्हतं. लग्नाआधी त्यांनी मराठी टायपिंगची ३० ची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा दिली होती, पास झाल्या होत्या, ४० ची तयारी चालू असताना लग्न ठरलं. सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली आहे. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. त्याने विचारलं, "मग नोकरी का नाही केलीस?" त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि डाळीतला खडा बाजूला टाकला.

मग म्हणाल्या, "बघू." ताठ बसल्या, मनगटं उचलली, बोटं न बघता ठेवली. पाठ केलेली ओळ असावी, सरसर मारली. स्क्रीनवर नुसता हलन्तांचा ढीग. त्यांची बोटं जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीची, माझी मांडणी इनस्क्रिप्टची. "यंत्र बिघडलंय तुझं," म्हणाल्या आणि कीबोर्ड परत केला.

ॲपमध्ये शोधल्यावर रेमिंग्टनचा पर्याय सापडला. कळा त्यांना फार हलक्या वाटतात. जोरात मारतात, त्यामुळे उजव्या बिजागरीचं आणखी वाईट झालंय. दुकानदाराला दाखवली तर म्हणाला, दुरुस्ती होत नाही, नवीन घ्या. मी चिकटपट्टी लावलीय, चालतंय. नवीन घेताना बिजागरी धातूची बघून घ्या आणि दुकानातच वीस वेळा उघडून मिटवून बघा, तो वैतागला तरी.

एक त्रास मात्र रोजचा आहे. रात्री मी झोपले की फोन सासूबाईंकडे असतो, अर्धा-पाऊण तास. काय लिहितात ते विचारलेलं नाही, फाइल बंद करून देतात. पण मांडणी परत बदलायची विसरतात. त्यामुळे सकाळी कांजूरमार्ग जाईपर्यंतची माझी पहिली ओळ हमखास अगम्य निघते, आणि त्यातच स्पेसबार दोनदा मारून कीबोर्डला जागं करायचंही राहून जातं.