पितळी नाकाची मॉडेल टी : दिवाळीपासून गणपतीपर्यंतचा अनुभव

शोकेसमध्ये ठेवायला एक देखणी जुनी गाडी हवी असेल, तर फोर्ड मॉडेल टीचं हे सुटे भाग जोडून करायचं प्लास्टिकचं किट घेऊ नका. तेवढ्याच पैशात धातूचं तयार मॉडेल मिळतं, आणि ते लांबून जास्त उठून दिसतं. हे किट घ्यायचं ते बॉनेटखाली आणि सीटखाली जे दडलंय त्यासाठी. वरची बॉडी बेताची आहे, खालचं यंत्र मात्र फार मन लावून केलंय. काही महिने ते घरात वागवल्यावर माझं मत आणखीच पक्कं झालं आहे.

किट आहे १९१३ सालच्या फोर्ड मॉडेल टीचं. दोन माणसांची उघडी रोडस्टर, प्रमाण १:२४. पूर्व युरोपातल्या एका कंपनीचं आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या एकाच डब्यावरून केलेल्या आहेत. किंमत चार हजारांच्या घरात गेली. गोंद, रंग, ब्रश वेगळे. शंभरावर सुटे भाग आहेत, त्यातले काही तांदळाच्या कणीएवढे.

माझी नोकरी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतली, म्हणजे औद्योगिक वसाहतीतली, प्लास्टिक मोल्डिंगच्या डाय (साचे) तपासण्यात गेली. त्यामुळे डबा उघडल्यावर मी गाडी पाहत नाही, जॉब पाहतो. इंजिनाच्या भागांवर फ्लॅश (साच्याच्या फटीतून आलेला जादा पापुद्रा) नाही, सिंक मार्क (थंड होताना पडलेला खळगा) नाही, जोडरेषा नखाला लागत नाही. सिलिंडर ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड असे दोन वेगळे भाग दिलेत, आणि ते योग्यच आहे. खऱ्या मॉडेल टीचे चारही सिलिंडर एकाच ओतकामात आणि हेड वरून सुटं निघणारं होतं. १९०८ साली ही रचना नवलाचीच होती. बॉडीच्या भागांवर मात्र तीच कंपनी वेगळी वाटते. सीटमागच्या पत्र्यावर इजेक्टर पिनचे, म्हणजे साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे, ठसे अगदी दर्शनी जागेवर आलेत. डाय करणाऱ्याने ते आतल्या बाजूला घेतले असते तर काही बिघडलं नसतं. पुटी भरा, वॉटर पेपर मारा, पुन्हा भरा, असा एक अख्खा रविवार गेला.

चाकांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या किटचा जीव तिथे आहे. खऱ्या गाडीचं चाक टायरसकट ३० इंच व्यासाचं, बारा लाकडी आऱ्यांचं. १:२४ मध्ये ते जेमतेम ३२ मिलिमीटर होतं. म्हणजे आरा काडेपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक. तरी प्रत्येक आरा तुंब्याकडे थोडा जाड आणि कडेकडे निमुळता आहे. त्याहून मजेची गोष्ट अशी की, मॉडेल टीचे पुढचे टायर ३ इंच रुंदीचे आणि मागचे साडेतीन इंची असत, बाहेरचा व्यास दोन्हींचा सारखाच. मॉडेलमध्ये हा फरक अर्ध्या मिलिमीटरचा, आणि किटमध्ये तोसुद्धा पाळलाय. व्हर्नियर लावून पाहिलं. एवढ्यासाठी मी त्या डाय मेकरला चहा पाजीन.

टायरचं रबर मात्र हवामान ओळखून दिलेलं नाही. मऊ, काळं, प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारं रसायन) भरपूर असलेलं व्हिनाइल आहे. असं मऊ व्हिनाइल साध्या प्लास्टिकला टेकून राहिलं की हळूहळू ते प्लास्टिक खातं, हे आमच्या धंद्यात जुनंच आहे. उन्हाळ्यात आणखी वेगाने. बडोद्याचा मे महिना आणि पश्चिमेची भिंत, म्हणजे कपाटात भट्टीच. म्हणून रिमवर आधी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी गुंडाळून मग टायर चढवले. गणपतीत एक टायर काढून पाहिला, रिम शाबूत आहे. हा उपाय जरूर करा, माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

टायरचा रंग हा वेगळाच विषय. त्या काळचे पुष्कळ टायर काळे नसत, पांढरट-करडे असत, कारण रबरात झिंक ऑक्साइड घालत. काजळी मिसळून काळे टायर करायची पद्धत नंतर रुळली. तेव्हा १९१३च्या गाडीला काळेभोर टायर म्हणजे धोतरावर स्पोर्ट्स शूज. एका टायरच्या आतल्या बाजूला इनॅमलचा हात देऊन पाहिला होता. तो फाल्गुनात दिला, आषाढात बोट लावलं तरी चिकट. व्हिनाइलवर इनॅमल वाळतच नाही. शेवटी शाळेचा पांढरा खडू किसला, त्यात कोळशाची चिमूट टाकली आणि ती पूड जुन्या टूथब्रशने टायरवर घासली. मॅट वार्निशचा एक पातळ फवारा मारला. अजून टिकून आहे.

आता रंग. मॉडेल टी म्हटलं की सगळ्यांना काळाच रंग आठवतो, आणि डब्यावरचं चित्रही काळंच आहे. पण नुसताच काळा असा प्रकार १९१४ ते १९२५ या काळातला. त्याआधी लाल, हिरव्या, करड्या, निळ्या अशाही गाड्या निघाल्या. १९१३चा रंग गडद निळा, इतका गडद की सावलीत काळाच वाटावा. मी बॉडी तशी निळी केली आणि मडगार्ड काळे ठेवले. सकाळचं ऊन खिडकीतून आलं की तो निळा एकदम दिसतो. घरी येणारे म्हणतात, "काळी छान दिसली असती." म्हणोत.

रेडिएटर पितळी. मॉडेल टीला हे पितळी नाक १९१६च्या मॉडेलपर्यंत होतं, पुढे काळं कवच आलं. किटमध्ये मुलामा दिलेला भाग नाही, साधं प्लास्टिक रंगवायचं. इथे मी दोन रंग शेजारी शेजारी लावून पाहिले. स्प्रूच्या (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) एका तुकड्यावर हॉबीवाल्यांचा पितळी ॲक्रिलिक आणि दुसऱ्यावर हार्डवेअरच्या दुकानातली सोनेरी पावडर लॅकरमध्ये कालवून. हीच पावडर आपण मखराला लावतो. पावडरचा रंग पहिल्या आठवड्यात जास्त झळाळत होता. श्रावणातल्या दमट हवेने तो तांबूस-काळसर पडला, ॲक्रिलिक जसाच्या तसा राहिला. गंमत अशी की काळवंडलेलाच खरा वाटतो. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसवर ट्वेंटीवन गन सल्यूटचा जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता, तो मी मन भरून पाहिला होता. तिथे सगळं कसं घासूनपुसून लखलखीत. पण रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचं पितळ कोण रोज घासत बसणार? मी रेडिएटर ॲक्रिलिकने केला आणि दिवे पावडरने.

दिवे विजेचे नाहीत, गॅसचे आहेत. डाव्या पायपाटावर, म्हणजे चढताना पाय ठेवायच्या फळीवर, एक छोटं नळकांडं बसतं. त्यात खाली कॅल्शियम कार्बाइड, वर पाणी. पाणी थेंबथेंब पडलं की ॲसिटिलीन तयार होतो आणि रबरी नळीने पुढच्या दिव्यांत जातो. किटमध्ये नळकांडं आहे, दिवे आहेत, नळी नाही! म्हणजे चूल आहे, सिलिंडर आहे आणि मधला पाइप गायब. मी जुन्या टेलिफोनच्या वायरचं काळं आवरण सोलून लावलं. आमचे अण्णा, वय ऐंशीच्या पुढे, दांडिया बाजारात लहानाचे मोठे झालेले. त्यांना मी ते नळकांडं भिंगाखाली दाखवलं. ते लगेच म्हणाले, "कार्बाइड. वास यायचा रे त्याचा, लसणासारखा. जत्रेतल्या फेरीवाल्यांकडे असायचे हे दिवे." पुढचा अर्धा तास गाडी बाजूला राहिली आणि जत्राच सुरू झाली.

पण या किटचं खरं सार्थक पुतणीच्या निमित्ताने झालं. ती तेव्हा ड्रायव्हिंग शिकत होती, लर्निंग लायसन नुकतंच हातात आलेलं. मी फ्लोअरबोर्ड चिकटवायच्या आधी तिला पॅडल दाखवली. तीन आहेत, टूथपिकच्या टोकाएवढी.

"काका, क्लच डावा ना?"

"डावा आहे, पण तो क्लच नुसता नाही, गिअरही तोच. पूर्ण दाबला की पहिला, अर्ध्यावर धरला की न्यूट्रल, सोडला की दुसरा. संपले गिअर."

"आणि मधला ब्रेक?"

"मधला रिव्हर्स. ब्रेक उजवा."

"मग ॲक्सिलरेटर?"

"पायात नाहीच. स्टिअरिंगखाली दोन दांड्या आहेत बघ, त्यातली उजवी. डावी स्पार्कची वेळ मागेपुढे करायची."

ती थोडा वेळ टूथपिकने एकेक पॅडल मोजत राहिली. मग म्हणाली, "आरटीओच्या ट्रॅकवर ही गाडी आणली तर साहेबच नापास होतील."

ही गिअरची रचना ग्रहमालेसारख्या चक्रांची आहे. पट्टे आवळले की गिअर पडतो, दातावर दात आपटत नाही. किटमध्ये त्या पेटीचं बाहेरचं कवच आहे, आतली चक्रं अर्थातच नाहीत. पण पॅडल कुठून कुठे जातात हे हातात धरून कळतं, आणि पुस्तकातल्या चित्रावरून ते कळत नाही. तसंच पेट्रोलच्या टाकीचं. ती सीटखाली आहे, पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानेच कार्ब्युरेटरकडे उतरतं. टाकीत थोडंच असेल आणि चढ तीव्र असेल तर ते पुढे पोहोचतच नाही. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवत. पावागढच्या घाटात माचीपर्यंत मॉडेल टी पाठमोरी निघालीय हे चित्र मला फार आवडतं. पाण्यालाही पंप नाही, गरम पाणी वर जातं आणि रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली येतं, एवढ्यावरच भागतं. किटमध्ये वरचा तिरका जाड पाइप आणि खालचा पाइप वेगवेगळे दिलेत, ते नीट पाहून लावा.

फिटिंग बॉनेटपाशी कच खातं. इंजिन दिसावं म्हणून बॉनेट सुटं ठेवावं म्हटलं तर रेडिएटरपाशी फट राहते, चिकटवावं तर इतकी मेहनत केलेलं इंजिन कायमचं पडद्याआड. मी एक बाजू उघडी ठेवली आहे. डाव्या बाजूला दार नाही म्हणून कुणी गोंधळू नये. अमेरिकेत बनलेल्या गाडीला ड्रायव्हरकडे दाराचा नुसता ठसा असे, चढायचं उजवीकडून. समोरची काच किटमध्ये मिलिमीटरभर जाड आहे. हिशेब केला तर खऱ्या गाडीत ती जवळजवळ इंचभर जाडीची काच झाली, बँकेच्या खिडकीला शोभेल अशी. नव्या शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक झाकण कापून बसवलं, काम फत्ते. नंबरप्लेटची स्टिकर ठीक.

आता टिकाऊपणा. उन्हाळ्यात काही वाकलं नाही. पावसाळ्यात निळ्या रंगावर पांढरट झाक आली नाही, पण त्याचं श्रेय किटचं नाही, रंगकाम होळीपर्यंत आटोपलं होतं याचं आहे. दमट हवेत लॅकर मारला की तो हमखास पांढरतो. गणपतीत पोरांनी गाडी आरासीत ठेवली, आणि तिथे कळलं की हिची दुखरी जागा कोणती. पाहुणा गाडी उचलतो तो हटकून पुढचा दिवा धरून. दिव्याचा धरणारा काटा प्लास्टिकचा, सुईएवढा, तो दुसऱ्याच दिवशी कट्ट. हात-ड्रिलने भोक पाडून पितळी तार घातली. दुसऱ्या दिव्यालाही मग तशीच घालून ठेवली, मोडायची वाट न पाहता. तुम्ही जोडतानाच घाला. धूप-उदबत्तीचा चिकट थर मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने निघाला. कापूस वापरू नका, आऱ्यांत अडकतो.

एक अवांतर. या गाडीच्या १९२७ पर्यंत दीड कोटी प्रती निघाल्या, आणि त्याच कंपनीचा आपल्या साणंदचा गाड्यांचा कारखाना २०१५ ला सुरू झाला, तिथलं गाड्या बनवणं २०२१ ला बंद पडलं, आणि तो पुढे टाटांनी घेतला. आमच्या जीआयडीसीत तेव्हा या बंदची चर्चा महिनाभर चालली होती. किट जोडताना ती आठवण येत राहिली, एवढंच.

कुणी घ्यावं? ज्याला यंत्र कसं चालतं याचं कुतूहल आहे आणि ज्याच्या घरात एखादं चौदा-पंधराचं पोर शेजारी बसायला तयार आहे, त्याने. पहिलंच किट असेल तर मात्र नको, आरे आणि स्टिअरिंगखालच्या दांड्या हात थरथरला की मोडतात. सुरुवात दसऱ्यानंतर करा, म्हणजे कोरड्या हवेत रंग होतो. आणि डबा आला की त्याच दिवशी उघडून पायपाट टेबलावर सपाट ठेवून बघा. माझा एक पायपाट केळीच्या सालीसारखा वळलेला निघाला. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की माल परत करायची मुदत सात दिवसांची होती. गरम पाण्यात बुडवून, दोन फरशांमध्ये रात्रभर दाबून मी तो सरळ केला. डावीकडचा आहे, कार्बाइडचं नळकांडं ज्यावर बसतं तो.