लाटेकवर नऊ महिने: ६४ चित्रांचं पुस्तक आणि कोड्यात टाकणारे एरर

गेल्या जूनमध्ये मी लाटेक (मजकुरातच आज्ञा लिहून पुस्तकाची पानं लावून घ्यायचं सॉफ्टवेअर) बसवलं आणि त्यावर लावलेलं पहिलं पुस्तक या मार्चमध्ये बायंडिंगहून घरी आलं. २१६ पानं, ६४ चित्रं. मधले नऊ महिने कसे गेले ते लिहितोय, कारण मराठी पुस्तक लावणाऱ्या माणसाने या वाटेवरचं काही लिहून ठेवलेलं मला तेव्हा हवं होतं आणि सापडलं नाही.

मी गोव्यातल्या फोंड्यात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, नाटकांच्या जाहिराती, शाळांची वार्षिकं. हे पुस्तक मात्र वेगळं होतं. एका निवृत्त प्राध्यापकांनी मांडवी आणि जुवारीच्या काठच्या खाजन शेतीवर, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीवर, लिहिलेलं. बांध कसा घालतात, मानस (बांधातलं पाणी सोडायचं-अडवायचं दार) कशी चालते, पोंय (मानशीजवळचं तळं) कुठे असतो, हे सगळं आकृत्या, नकाशे आणि फोटोंसह. नेहमीच्या पद्धतीने दोन प्रकरणं लावली आणि सरांनी दुसऱ्या प्रकरणात एक आकृती वाढवली. पुढचे सगळे आकृती क्रमांक हाताने बदलले. तिसऱ्या प्रुफाला त्यांनी ती काढली. मग पुन्हा सगळे क्रमांक, आणि मजकुरातले ‘आकृती ३.४ पाहा’ हे उल्लेखसुद्धा. तेव्हा फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा म्हणाला, ‘मामा, हे काम लाटेकचं आहे.’

बसवायला त्रास झाला नाही. लाटेक ज्यातून मिळतं त्या टेकलाइव्हचा पूर्ण संच सात जीबीच्या वर आहे, रात्रभरात उतरला. मराठीसाठी झीलाटेक हा लाटेकचा प्रकार वापरायचा, आणि फाँट सांगताना लिपी देवनागरी आहे हे वेगळं लिहायचं. ते राहिलं तर एरर येत नाही, फक्त जोडाक्षरं सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. मजकुरासाठी आयआयटी मुंबईचा शोभिका घेतला. मोफत आहे आणि अक्षर देखणं आहे. नुसता मजकूर पहिल्या आठवड्यात इतका छान बसला की सरांनी पान हातात घेऊन दोनदा पालथंसुलटं केलं.

मग चित्रं आली.

पहिल्याच नकाशाला यंत्र म्हणालं, फाइल सापडत नाही. फाइलचं नाव ‘किनाऱ्याचा-नकाशा’. फोल्डर उघडला की ती समोर. आज्ञेतलं नाव आणि फोल्डरमधलं नाव मी अक्षर अक्षर जुळवून पाहिलं, काहीच फरक नाही. फोल्डर हलवला, चित्र पुन्हा सेव्ह केलं, संगणक बंद करून सुरू केला. दोन दिवस गेले. शेवटी भाच्याने दोन्ही नावांमधल्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक (संगणक अक्षर ज्या क्रमांकाने साठवतो तो) काढून दाखवला. माझ्या कीबोर्डवरून आलेला ‘ऱ’ हे एकच अक्षर होतं, क्रमांक ०९३१. सरांच्या लॅपटॉपवर फाइलला नाव देताना तोच ‘ऱ’ दोन तुकड्यांत टंकला गेला होता: साधा ‘र’ ०९३० आणि त्याच्या खालचं टिंब, नुक्ता, ०९३सी. डोळ्याला दोन्ही एकच. यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावं होती, आणि त्याच्या परीने ते खरं सांगत होतं.

वीस वर्षं मराठी अक्षरांवर पोट चालवतोय, पण पडद्यावर दिसणारं अक्षर आणि फाइलमध्ये साठवलेलं अक्षर यांत असा फरक असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. त्याच संध्याकाळी सगळ्या चित्रांची नावं रोमन लिपीतली लहान अक्षरं आणि आकडे यांतच बदलून घेतली. मधे जागा नाही, मधे टिंब नाही. कॅमेऱ्याने जेपीजी हे शेपूट कॅपिटलमध्ये दिलं असेल तर तेही लहान केलं, कारण विंडोजवर हा फरक चालून जातो, पण तेच काम लिनक्सवर चालणाऱ्या ऑनलाइन संपादकात टाकलं की अडतं.

दुसरं कोडं कॅप्शनमधलं. मानशीच्या फोटोखाली सरांनी ओळ दिली होती आणि शेवटी फोटोचा क्रमांक, कॅमेऱ्यात असतो तसा: डीएससी_०४१२. कंपाइल केलं, म्हणजे फाइलवरून पानं तयार करायला लावली, तर ‘मिसिंग डॉलर इन्सर्टेड’. खाजनाच्या पुस्तकात डॉलर कुठून येणार? कारण असं की मधली ती खालची रेघ, अंडरस्कोअर, लाटेकमध्ये गणितातलं पायाशी लिहायचं अक्षर दाखवण्यासाठी राखलेली आहे. साध्या मजकुरात ती दिसली की यंत्राला वाटतं, याने गणित सुरू केलं पण सुरुवातीची खूण लिहायला विसरला. गणिताची खूण म्हणजे डॉलरचं चिन्ह. म्हणून ते स्वतःच एक घालतं आणि तसं कळवतं. अंडरस्कोअरच्या आधी बॅकस्लॅश लिहिला की प्रश्न मिटतो. हीच रेघ चित्राच्या फाइलच्या नावात किंवा लेबलमध्ये (मजकुरातून आकृतीचा उल्लेख करायला तिला दिलेलं नाव) चालते, कॅप्शनमध्ये चालत नाही.

इथवर ठीक. बॅकस्लॅश लिहिला, पुन्हा चालवलं, आणि तोच एरर परत आला. या वेळी मात्र ओळ दाखवली पुस्तकाच्या सुरुवातीची, जिथे आकृत्यांची सूची मागवणारी एकच आज्ञा होती. तिथे ना अंडरस्कोअर, ना डॉलर. मी ती आज्ञा काढून टाकली, काम पुढे सरकलं, आणि सूचीमध्येच काहीतरी दोष आहे अशी माझी ठाम समजूत झाली. आठवडाभर सूचीशिवाय प्रुफं दिली. खरी गोष्ट अशी होती की लाटेक एका फेरीत कॅप्शन वाचून ती एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि सूची छापताना मागच्या फेरीत लिहिलेली फाइल वाचतं. मी मूळ ओळ सुधारली होती, पण सूचीच्या फाइलमध्ये जुनी चूक तशीच पडून होती. आणखी एकदा चालवलं असतं तर ती आपोआप गेली असती.

या पोटातल्या फाइलींचा सगळ्यात मोठा धडा जुलैमध्ये मिळाला. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कशी जाते ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. यूपीएस दुरुस्तीला दिला होता आणि कंपाइल चालू असताना वीज गेली. परत आल्यावर एरर: ‘रनअवे आर्ग्युमेंट’, पाठोपाठ ‘फाइल एंडेड’. ओळ दाखवली मजकूर सुरू करणाऱ्या बिगिन डॉक्युमेंट या आज्ञेची, जिला मी महिनाभर हात लावला नव्हता. त्या ओळीवर यंत्र आधीच्या फेरीत लिहिलेली ऑक्स फाइल वाचतं. क्रमांक, लेबलं, पानं, सगळ्याची नोंद तिच्यात असते. वीज गेली तेव्हा ती अर्धीच लिहून झाली होती, शेवटची ओळ एका कंसाच्या मधेच तुटलेली. पुस्तकात काही बिघडलं नव्हतं. ऑक्स आणि सूचीच्या फाइली पुसल्या, तीनदा चालवलं, सगळे क्रमांक जागेवर आले. या फाइली पुसायला भिऊ नका, यंत्र त्या पुन्हा तयार करतं. तुमच्या हातचं लेखन मूळ फाइलमध्ये असतं, ती तेवढी सांभाळा.

एरर वाचायचा कसा, हे मला ऑगस्टमध्ये, चवथीच्या आधी, नीट समजलं. भाचा सुटीत आला होता. मी तक्रार करत होतो की दाखवलेल्या ओळीत काही नसतं. तो म्हणाला, ‘मामा, खालचे शंभर एरर सोडा. पहिला तेवढा वाचा. आणि ओळ कुठे तुटलीय ते बघा.’ लॉगमध्ये, म्हणजे यंत्र प्रत्येक फेरीची नोंद लिहितं त्या फाइलमध्ये, ओळीचा क्रमांक येतो आणि त्यापुढे तुमचाच मजकूर दोन भागांत तोडून दाखवलेला असतो. वरच्या ओळीत यंत्राने वाचून झालेला भाग, खाली थोडा उजवीकडे सरकवून न वाचलेला. ते नेमकं कुठे अडलं ते त्या तुटलेल्या जागी कळतं. चूक तिथेच असेल असं नाही, पण ती त्या जागेच्या पुढे बहुतेक नसते. मागे शोधायची. न मिटवलेला महिरपी कंस तर कधी कधी वीस ओळी मागे असतो. आधी मी एरर आला की त्या ओळीवर जाऊन काहीबाही बदलायचो. आता आधी ते तुटलेलं ठिकाण बघतो.

एवढ्यानेही सापडलं नाही तर पुस्तक अर्धं करायचं. एंड डॉक्युमेंट ही मजकूर संपवणारी आज्ञा प्रकरणाच्या मध्यावर आणून ठेवायची. एरर गेला तर दोष खालच्या अर्ध्यात, राहिला तर वरच्या. मग त्या अर्ध्याचं अर्धं. चाळीस पानांच्या प्रकरणात सहा-सात फेऱ्यांत मी चुकीच्या परिच्छेदापर्यंत पोचतो. या कामाच्या वेळी ड्राफ्ट हा पर्याय सुरू ठेवावा, चित्रांच्या जागी नुसत्या चौकटी येतात आणि फेरी पटकन होते.

एका एररचं कारण कळल्यावर मी बराच वेळ खूश होतो. सरांना २०१५ ते २०२४ चा पावसाचा आलेख हवा होता. टिकझेडमध्ये (लाटेकमध्येच आकृत्या काढायची सोय) मी आडव्या अक्षावर वर्षं थेट लिहिली आणि उत्तर आलं, ‘डायमेन्शन टू लार्ज’. बोटभर आलेख, त्यात मोठं काय? पण काही सांगितलं नसेल तर टिकझेड प्रत्येक आकडा सेंटिमीटर धरतं. २०१५ म्हणजे आलेखाच्या शून्यापासून वीस मीटर. आणि लाटेक ज्यावर उभं आहे त्या टेकला सांभाळता येणारी सगळ्यात मोठी लांबी १६,३८४ पॉइंटांच्या आत, म्हणजे पावणेसहा मीटरच्या आसपास. प्रत्येक वर्षातून २०१४ वजा केले, आलेख सुरळीत आला.

चित्रं भलत्या जागी जाण्याबद्दल लोक फार कुरकुर करतात. माझ्या तिसऱ्या प्रकरणात ११ चित्रं शेवटी ढीग होऊन बसली, एकही एरर न देता. त्याचं कारण पहिलंच चित्र. ते पानाच्या माथ्यावर हवं असा मी हट्ट धरला होता, पण माथ्यावरच्या चित्रांना मुळात पानाचा सत्तर टक्के भाग मिळतो आणि ते त्याहून उंच होतं. लाटेक आकृत्यांचा क्रम मोडत नाही, म्हणून मागची सगळी त्याच्यासाठी थांबली. त्याला स्वतंत्र पानाची मुभा दिली आणि रांग हलली. आधीच्या आवृत्त्यांत अशी १८ चित्रं साठली की यंत्र थांबायचं, २०१५ पासून ही मर्यादा ५२ आहे.

मला खरी भीती वाटते ती एरर न देणाऱ्या चुकांची. लेबल कॅप्शनच्या आधी लिहिलं तर आकृतीच्या क्रमांकाऐवजी विभागाचा क्रमांक छापला जातो, आणि तो इतका खरा वाटतो की प्रूफ वाचणाराही फसतो. शीर्षकांच्या फाँटात रोमन अक्षरांवरची पोर्तुगीज चिन्हं नव्हती, तर ती अक्षरंच छपाईतून गळाली. लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ एवढी बारीक नोंद, तीही शेकडो ओळींच्या मधे. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांतलं एक गावाचं नाव असं अर्धं छापलेलं सरांनी पकडलं. मला ते दिसलं नव्हतं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी ट्रेसिंगलॉस्टकॅरेक्टर्स या सेटिंगला ३ ही किंमत देऊन ठेवली आहे, म्हणजे अक्षर गळालं की यंत्र सरळ एरर देतं. मराठीत काम करणाऱ्याने ही ओळ पहिल्या दिवशी लिहावी.

टेकचे जनक डोनाल्ड क्नुथ यांना १९७७ मध्ये स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पसंत पडली नाहीत, म्हणून त्यांनी हे बनवायला घेतलं. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात लाटेक रचलं. प्रुफं पाहून जीव तुटतो म्हणजे काय ते आमच्या धंद्यात रोज कळतं, त्यामुळे क्नुथ यांच्याबद्दल मला आपुलकी वाटते.

लग्नपत्रिका मी अजून जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये करतो आणि करत राहीन. जिथे फुलाची वेल दोन मिलिमीटर डावीकडे हवी असते तिथे लाटेक उपयोगाचं नाही. आकृत्या, तळटिपा, सूची असलेलं पुस्तक किंवा प्रबंध असेल तर मात्र मी आता दुसरं काही हातात घेणार नाही. पहिले दोन महिने जड जातात. शक्यतो पावसाळ्यात सुरुवात करू नका, आणि केलीत तर यूपीएस आधी नीट करून घ्या.

मागच्या रविवारी सर दुसऱ्या छपाईसाठी पोंयचे दोन नवे फोटो घेऊन आले. तिसऱ्या प्रकरणात, मानशीच्या आकृतीच्या आधी घातले. चालवलं तर थांबलं: ‘मिसिंग डॉलर’. ओळ तुटली होती ती डीएससीचा क्रमांक असलेल्या कॅप्शनच्या शेवटी. सर शेजारी बसून पाहत होते. बॅकस्लॅश लिहिला आणि दोनदा चालवलं. मानस ३.४ वरून ३.६ वर गेली, मजकुरातले तिचे पाचही उल्लेख तिच्यामागून गेले, आणि सरांनी पान पुढे करून एकेक क्रमांक बोटाने मोजला.